बाहेरच्या भिंतीत कुत्र्यामांजरांसाठी दार : आधी पावसाचा विचार, मग छन्नी

जूनचा दुसरा आठवडा होता. रात्री पावसाची पहिली मोठी झड येऊन गेली. सकाळी उठून मागच्या खोलीत गेले, तर आमच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या दाराखालून पाण्याचा पसरट ओघळ आत येऊन सोफ्याच्या पायापर्यंत पोचलेला. दाराभोवती वीतभर रंग फुगलेला होता, बोट लावलं की पापुद्रा हातात येत होता. दार बसवून जेमतेम सहा आठवडे झाले होते. झडप चांगली होती, मापं बरोबर होती. पाणसळ आणून भोकाच्या तळावर ठेवली तेव्हा बुडबुडा बाहेरच्या बाजूला सरकला. म्हणजे तळ आत झुकलेला होता. फक्त दोन सूत, म्हणजे पाव इंच! तेवढ्यानं रात्रभर पाऊस घरात घेतला.

ते सगळं तोडून पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा केलं. त्यानंतरचे तीन पावसाळे भिंत कोरडी राहिली आहे. आम्ही बावधनला रो-हाऊसमध्ये राहतो, म्हणजे पुण्याच्या पावसाची जास्तीची बाजू. हडपसरला यापेक्षा कमी पाऊस असतो, पण वाऱ्याबरोबर तिरपा मारणारा पाऊस तिथेही भिंतीवर येतोच. पुढचं सगळं त्या दुसऱ्या कामावरून लिहिते आहे.

लाकडी दारातच का नाही?

दारात झडप बसवणं केव्हाही सोपं आणि स्वस्त. तुमचं मागचं दार भरीव लाकडाचं असेल आणि ते एकटंच असेल, तर भिंतीला हात लावू नका. पण आपल्याकडे बाहेरच्या दाराला बहुतेक वेळा दुसरं जाळीचं सेफ्टी डोअर असतं. एकात झडप बसवली तरी दुसरं बंदच. शिवाय दार उघडून भिंतीला टेकलं की झडप निकामी. त्यात मुख्य दार सागवानी असेल, तर ते कापायला घरातली वडीलधारी माणसं तयार होत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाहेरची भिंत ही सोसायटीची सामाईक गोष्ट आहे. तिला भोक पाडायचं नाही. बाल्कनीच्या सरकत्या खिडकीची एक काच काढून तिथे झडप असलेलं पॅनेल बसवणं हा तुमच्यासाठीचा मार्ग. ॲल्युमिनियम सेक्शनचं काम करणारा कोणीही ते करून देतो आणि घर सोडताना काच परत बसवता येते. भाड्याच्या घरालाही हेच लागू. रो-हाऊसची सोसायटी असेल तर समितीकडून लेखी परवानगी घ्या आणि दार मागच्या बाजूला काढा, म्हणजे दर्शनी बाजूची सारखेपणाची तक्रार येत नाही. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीला तर हातच लावायचा नाही.

भिंत कशाची आहे?

इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून काम काढू नका असं मी अगदी कळकळीनं सांगते. ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिकडची भिंत म्हणजे लाकडी चौकट, साधारण १६ इंचांवर एक उभं लाकूड आणि दोन्ही बाजूंना पत्रे किंवा बोर्ड. करवतीनं अर्ध्या तासात भोक पडतं. तयार किटमधला बोगदाही, म्हणजे भिंतीच्या आरपार बसणारी पोकळ चौकट, त्याच भिंतीच्या जाडीचा असतो, साधारण पाच ते सात-आठ इंचांचा. आपली नऊ इंची विटेची भिंत, बाहेरचा २० मिलिमीटर गिलावा आणि आतला १२ मिलिमीटर धरून १० इंचांच्या वर जाते. किट घरी आल्यावर हे लक्षात येतं आणि मग मधल्या अडीच-तीन इंचांत उघडी वीट राहते. पाणी तिथूनच मुरतं.

भिंत ओळखायला सहा एमएमचं बिट लावून आतल्या बाजूनं एक छोटं भोक पाडा आणि खाली कागद धरा. पहिला गिलाव्याचा राखाडी भुगा सोडून द्या, त्यानंतरचा बघा. लाल भुगा म्हणजे मातीची वीट. मऊ पांढुरका भुगा आणि बिट लोण्यात जावं तसं आत जातंय, तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलका, सच्छिद्र सिमेंटचा ठोकळा. राखाडी भुगा, पण बिट सहज जातंय, तर फ्लाय ॲशची वीट. राखाडी भुगा आहे, बिट तापतंय, पुढे सरकत नाही, तर ते काँक्रीट. तिथे थांबायचं. तो कॉलम असेल, बीम असेल किंवा पूर्ण इमारतच ॲल्युमिनियमचे साचे लावून ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींची असेल. हल्लीच्या बऱ्याच मोठ्या प्रकल्पांत तशा भिंती असतात, लोक त्याला मायवान म्हणतात. त्या भिंतीच इमारतीचं वजन पेलतात. त्यात भोक पाडायचा विचारही नको.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या मातीत बांधलेल्या दगड-विटांच्या भिंतींनाही नको. एक वीट काढली की वरचा चुरा किती खाली येईल, हे अनुभवी गवंडीसुद्धा सांगू शकत नाही. खिडकीतला मार्ग तिथेही आहे.

जुना बंगला असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: घर आरसीसी फ्रेमचं आहे की भिंतींवरच उभं आहे? कोपऱ्यांत कॉलम नसतील आणि स्लॅब थेट भिंतीवर टेकली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून जागा दाखवा. त्याची फी या कामात सगळ्यात सत्कारणी लागणारा पैसा आहे.

जागा

आपल्याकडचा मोसमी पाऊस पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून झोडपतो. म्हणून दारासाठी पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत निवडा. आमच्याकडे मागची भिंत पश्चिमेला, पर्यायच नव्हता, म्हणून वरती छज्जा घ्यावा लागला. तुमच्याकडे पर्याय असेल तर चार पावलं लांब पडलं तरी पूर्वेकडे काढा.

कॉलमपासून आणि खोलीच्या कोपऱ्यापासून निदान नऊ इंच विटेची भिंत सोडा, कारण वर बसणाऱ्या लिंटेलला, म्हणजे भोकावरची भिंत पेलणाऱ्या आडव्या तुळईला, दोन्ही बाजूंना टेकायला वीट लागते. खिडकीच्या अगदी खालीही नको. स्विचबोर्डच्या सरळ खाली आणि वर वायरचा पाइप असतो असंच समजून चला. दोन बोर्ड एकाच उंचीवर असतील तर त्यांच्यामध्येही आडवा पाइप असू शकतो. भिंतीपलीकडे किंवा वर बाथरूम असेल तर नळाची लाइन कुठून आली ते प्लंबरकडून जाणून घ्या. काम चालू करताना त्या खोलीचा एमसीबी बंद, हे ठरलेलं.

आणि एक गोष्ट, जी फार कमी लोक बघतात: दाराच्या आतून हात घातला तर तो कुठवर पोचतो? झडपेतून माणसाचा हात सहज जातो. शेजारच्या लाकडी दाराची कडी झडपेपासून तीन फुटांच्या आत असेल, तर तुम्ही चोराला किल्लीच दिलीत.

माप घ्यायचं जनावराचं

भुऱ्या गावठी आहे, उभा राहिला की खांद्यापाशी २२ इंच. खांद्याच्या वरच्या टोकापासून जमिनीपर्यंतची उंची आणि छाती किंवा ढुंगण, जे रुंद असेल ते, अशी दोन मापं लागतात. रुंदी टेपनं मोजू नका, अंगाला टेप लावला की कुत्रा हलतो. घरातलं एखादं दार हळूहळू ओढत फट कमी करा आणि पलीकडे खाऊ ठेवा. ज्या फटीतून तो अंग न घासता, न थबकता येतो ती त्याची रुंदी. त्यात दोन इंच मिळवा.

झडपेची वरची कड खांद्यापेक्षा एक-दोन इंच वर असावी. खालची कड पोटाच्या बरीच खाली असावी, म्हणजे पाय उचलून ओलांडता येतं, उडी मारावी लागत नाही. आमचा हिशोब असा झाला: झडप ११ इंच रुंद, १७ इंच उंच, तिची खालची कड फरशीपासून सात इंचांवर, म्हणजे वरची कड २४ इंचांवर. खालचे सात इंच सोडल्यामुळे चार इंची स्कर्टिंग शाबूत राहिली आणि फरशीच्या पातळीवरच्या प्लिंथ बीमच्या वाटेलाही जावं लागलं नाही. मांजरासाठी सहा-सात इंचांची चौकोनी झडप पुरते. पिल्लू असेल तर त्याचं आजचं माप धरू नका, मोठेपणीचं धरा. कुत्रा म्हातारा होणार आहे हेही आत्ताच धरा. आठव्या वर्षी त्याला सात इंच जड गेले, तर आतल्या बाजूला एक बुटकी पायरी ठेवता येते. भिंतीतलं भोक मात्र खाली नेता येत नाही.

बाहेरची बाजू विसरू नका. रो-हाऊसची जोती दीड-दोन फूट उंच असतात. आमच्याकडे आतली फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा १८ इंच वर आहे, म्हणजे झडपेपासून बाहेर २५ इंचांचा खड्डा. रोज दहा वेळा तिथून उडी मारणाऱ्या कुत्र्याचे खांदे आणि कंबर काही वर्षांत धरतात. म्हणून बाहेर आतल्या फरशीच्या पातळीला दोन बाय दोन फुटांचा ओटा आणि खाली सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या बांधल्या. ओटा भिंतीला चिकटवून बांधायचा नाही. एक इंचाची फट ठेवायची आणि ओट्याचा उतार भिंतीपासून दूर काढायचा. चिकटवला तर ओट्यावरचं पाणी जोत्यात मुरत राहतं.

पैसे खर्च करण्याआधी पुठ्ठ्याच्या खोक्याला याच मापाचं भोक पाडून ते दारात अडकवा आणि दोन दिवस कुत्र्याला त्यातून जाऊ द्या. पुठ्ठा फुकट आहे, भिंत नाही.

झडप आणि बोगदा

बाहेरच्या भिंतीला दोन झडपा लागतात, एक आतल्या तोंडाला आणि एक बाहेरच्या. मधली हवा अडकून राहते, त्यामुळे धूळ, वारा आणि एसीच्या गार हवेची गळती बरीच कमी होते. झडपेच्या खालच्या कडेला लोहचुंबक हवं, नाहीतर जून-जुलैच्या वाऱ्यात ती रात्रभर फडफडत राहते. कडांना ब्रशची पट्टी असेल तर मुंग्या आणि डासही कमी येतात. मनी, आमची मांजर, तीन किलोची आहे, आणि कुत्र्याची जड झडप तिला ढकलवत नाही. दोन्ही जनावरं एकच दार वापरणार असतील तर झडप हलकीच घ्या.

भटकी मांजरं आत येण्याची भीती असेल, तर मायक्रोचिप ओळखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक झडपा मिळतात. जनावराच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, तिचा १५ आकडी क्रमांक झडप वाचते आणि ओळखीचा असेल तरच खटका सोडते. मांजरांसाठी ही सोय फार चांगली आहे. ती झडप मात्र पावसाच्या थेट माऱ्यात नको, आतल्या तोंडाला बसवा.

बोगदा आम्ही किटचा वापरलाच नाही. भिंतीच्या खऱ्या जाडीचा, बाहेरच्या तोंडाला एक इंचाची कॉलर असलेला ॲल्युमिनियमचा बोगदा बनवून घेतला आणि त्यावर किटच्या झडपा बसवल्या. मरीन प्लायचाही होतो. प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मापात कापून मिळतो. स्क्रू, बिजागऱ्या, टॉवर बोल्ट यांसाठी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक चक्कर पुरते. प्लाय घेतलात तर कापलेल्या कडा आधी रंगानं नीट बुजवा, पाणी तिथूनच शिरतं.

लिंटेल आधी, भोक नंतर

हे काम गवंड्याकडूनच करून घ्या, पण उभं राहून. आमचे गवंडी मामा साठीच्या पुढचे, हातात थापी धरण्याआधी भिंतीवर दोन मिनिटं नुसते हात फिरवणारे. ते पहिलंच वाक्य बोलले, "ताई, भोक पाडायला पोरगंपण चालतं. वरची भिंत कशावर बसणार ते आधी सांगा."

भोक फुटाएवढंच असलं तर विटा एकमेकींना धरून राहतात हे खरं, पण त्यावर भरवसा ठेवू नये. कच्चं भोक १४ इंच रुंद होणार होतं, म्हणून दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच टेकण धरून २६ इंच लांबीचे दोन लिंटेल आम्ही अंगणातच ओतले. प्रत्येक चार इंच रुंद, तीन इंच जाड, तळाकडे आठ एमएमच्या दोन सळया. काँक्रीट एकास दीडास तीन (सिमेंट, वाळू, खडी). वजन प्रत्येकी साधारण १२ किलो भरतं, एका माणसाला उचलता येतं. सळई खालच्या बाजूलाच राहिली पाहिजे, कारण लिंटेल वाकायला लागला की ताण तळाला येतो. उलटा बसवला तर सळई असून नसल्यासारखी. काँक्रीट ओलं असतानाच मामांनी खिळ्यानं वरच्या अंगावर 'वर' असं कोरून ठेवलं. मग दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली.

बसवताना भिंतीची जाडी दोन भागांत धरायची. आधी बाहेरच्या अंगानं विटेचा एक थर, फक्त अर्ध्या जाडीत, २६ इंच लांब काढा. आरपार घातलेली वीट आडवी आली तर ग्राइंडरनं खाच पाडून अर्ध्यावर तोडा. त्या खाचेत पहिला लिंटेल बसवा, लेव्हल बघा, आणि वर उरलेल्या फटीत सिमेंट-वाळूचा घट्टसर मसाला आणि दगडाच्या कपच्या ठोकून भरा. वरच्या विटा लिंटेलवर खरोखर टेकल्या पाहिजेत. दोन दिवस थांबा. मग आतल्या अंगानं तसंच दुसरा. पुन्हा दोन दिवस. भिंत कधीच पूर्ण जाडीत उघडी पडत नाही, ही या पद्धतीची खुबी. एएसी ब्लॉक असेल तर टेकण आठ इंचांचं घ्या, तो मऊ असतो.

भोक

त्या दिवशी कुत्र्यामांजरांना दुसरीकडे पाठवा. ग्राइंडरच्या आवाजानं घाबरलेलं जनावर पुढे त्या दाराच्या जवळही जात नाही. खोलीतलं सामान झाका, विटेची लाल धूळ शेवटच्या खोलीपर्यंत जाते. मास्क साधा कापडी नको. ही धूळ छातीसाठी वाईट असते, म्हणून गवंडी आणि बिगारी दोघांनाही चांगला मास्क द्या आणि कापताना पाणी मारत राहा.

आतल्या बाजूला गुण्या आणि लेव्हलनं चौकोन आखा. कच्चं माप १४ बाय २१ इंच होतं: बोगद्याचं बाहेरचं माप १२ बाय १८, भोवती दोन सुतांची फट, बाजूंचा आणि वरचा गिलावा, खाली दगडी पट्टी आणि तिच्याखालचा मसाला. चारही कोपऱ्यांतून लांब बिटनं आरपार भोकं पाडा, म्हणजे बाहेरचा चौकोन आपोआप जुळतो. दोन्ही बाजूंचा गिलावा रेघेवर ग्राइंडरनं कापा. मग लिंटेलच्या खालची मधली एक वीट छन्नीनं फोडून काढा. ती निघाली की बाकीच्या सांध्यांतून सुट्या होत जातात. घणानं ठोकायचं नाही. घणाच्या हादऱ्यानं आजूबाजूच्या विटांचे सांधे खिळखिळे होतात आणि ते दिसतही नाही.

रात्री भोकाला आतून प्लायचा तुकडा स्क्रूनं मारून ठेवा.

तळ

पहिल्या वेळी मी चुकले ते इथे, म्हणून इथे घाई करू नका.

तळावर एकास चारचा मसाला, त्यात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड. त्यावर १८ मिलिमीटरची ग्रॅनाइटची पट्टी. कडप्पाही चालतो. पट्टीला बाहेरच्या बाजूला चार सूत उतार, म्हणजे १० इंचांत अर्धा इंच. पट्टी बाहेर दीड इंच पुढे काढा आणि पुढे आलेल्या भागाच्या पोटाला, कडेपासून अर्धा इंच आत, ग्राइंडरनं एक सरळ खाच मारून घ्या. पाणी कडेवरून वळून पट्टीच्या पोटाला चिकटत भिंतीकडे परत येतं. खाचेशी आलं की तुटतं आणि थेंब होऊन खाली पडतं. घरातल्या खिडकीच्या बाहेरच्या पट्टीखाली बोट फिरवून बघा, चांगल्या बांधकामात ही खाच सापडेल. नसेल तर त्या खिडकीखाली काळा ओघळ सापडेल.

पट्टी बसल्यावर मी स्वतः एक पेला पाणी तिच्या आतल्या कडेवर ओतलं. ते थबकलं नाही, मधे साचलं नाही, सरळ पुढे गेलं आणि खाचेवरून टपकलं. मामा म्हणाले, "झालं. आता गिलावा." मसाला ओला असतानाच हे बघितलं तर चूक पाच मिनिटांत सुधारते.

बाजू आणि वरचा भाग गिलावा करून सात दिवस पाणी मारा. मग पुन्हा आठ-दहा दिवस पूर्ण सुकू द्या. सुकल्यावर आतल्या चारही अंगांना सिमेंट मिसळून लावायच्या पॉलिमर कोटिंगचे दोन हात, कोपऱ्यांत आणि पट्टीच्या सांध्यावर फायबरच्या जाळीची पट्टी दाबून. बाहेरच्या भिंतीवरही भोकाभोवती चार इंच हेच कोटिंग घ्या. एएसी ब्लॉक पाणी फार पितो, तिथे एकही कोरी जागा सुटू देऊ नका. ओल्या गिलाव्यावर ॲल्युमिनियम बसवायचं नाही, ओल्या सिमेंटचा क्षार त्याला खातो. पांढरे फोड येतात.

हे सगळं धरलं तर काम महिनाभर चालतं. म्हणून फेब्रुवारीत सुरू करा. एप्रिल-मेमध्ये वळीव कधीही येतो आणि तोवर कोटिंग पुरं झालेलं असायला हवं. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये, ओली वीट कोटिंग धरत नाही.

बसवणं

बोगदा बाहेरून आत सरकवा, तोही पट्टीसारखाच उतरता बसेल असा. फटीत पीयू फोम अगदी थोडा मारा. तो फुगतो, जास्त झाला तर बोगद्याच्या बाजू आत दाबल्या जातात आणि झडप घासायला लागते. फोम वाळेपर्यंत आत लाकडाचे दोन तुकडे आडवे लावून ठेवा.

बाहेरच्या कॉलरला वरून आणि दोन्ही बाजूंनी सीलंट लावा, खालून लावू नका. खालची कड मोकळी ठेवायची, म्हणजे कुठून चुकून पाणी आत गेलंच तर त्याला बाहेर पडायला वाट राहते. सगळीकडून बंद केलेलं भोक पाणी आत कोंडून ठेवतं, आणि मग ते खोलीच्या बाजूनं फुटतं. भिंतीला रंग द्यायचा असेल तर पीयू किंवा ॲक्रिलिक सीलंट घ्या, साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. लावण्याआधी भिंत ओल्या फडक्यानं पुसून सुकवा, धुळीवर कोणताच सीलंट टिकत नाही.

वरती छज्जा. आम्ही फूटभर बाहेर आलेला, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त रुंद असा पॉलिकार्बोनेटचा घेतला.

मग नळी लावून परीक्षा. खालून सुरुवात करून हळूहळू वर, प्रत्येक बाजूला पाच-पाच मिनिटं. एक जण आत टॉर्च घेऊन बसलेला. खालून वर अशासाठी, की गळती सापडली तर नेमकी कोणत्या सांध्यातून, ते कळतं.

रात्रीची पाटी

११ इंच रुंद भोकातून लहान मूल जातं आणि सडपातळ माणूसही प्रयत्न करू शकतो. म्हणून आतल्या तोंडाला वरून खाली सरकणारी जाड पाटी आणि तिला टॉवर बोल्ट हवाच. आमच्याकडे दिवेलागणीला पाटी खाली येते आणि सकाळी उठल्यावर वर जाते. सासूबाईंनी ते काम आपल्याकडे घेतलंय. बावधन, सूस, पाषाण, धायरीसारख्या टेकड्यांच्या कडेच्या भागात घोणस आणि नाग निघतात. ते उंदीर-घुशींच्या मागे येतात, म्हणून झडपेजवळ खाण्याचं भांडं ठेवू नका आणि बाहेर कुंड्यांची दाटी करू नका. तुमच्या भागात बिबट्याचा वावर असेल तर कुत्रा रात्री घरातच आणि पाटी बंदच.

दिवाळीत आणि विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी पाटी दिवसाही बंद ठेवा. फटाक्यांना आणि ढोलांना घाबरलेला कुत्रा झडपेतून सुसाट बाहेर पडतो, आणि अशा वेळी कंपाउंडचं गेट कोणीतरी उघडंच ठेवलेलं असतं. रोजचंही तेच: गेट आणि कुंपण पक्कं नसेल, तर हे दार करूच नका.

शिकवणं

पहिले तीन दिवस दोन्ही झडपा वर चिकटपट्टीनं बांधून ठेवा, नुसतं भोक. एक जण आत, एक बाहेर, हातात उकडलेल्या चिकनचा तुकडा. चौथ्या दिवशी आतली झडप अर्धी खाली. मग पूर्ण. मग दुसरी. चुंबकाचा 'टक' आवाज भुऱ्याला खटकत होता, तर चुंबकावर आठवडाभर कापडी पट्टी लावली. जनावराला मागून ढकलायचं नाही, एकदाही नाही. भुऱ्याला पाच दिवस लागले, मनीला तीन आठवडे. ती रोज दुपारी झडपेसमोर बसून वास घेत राहायची. एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते, मागे 'टक' झालं, आणि मनीबाई बाहेरच्या ओट्यावर उन्हात.

दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात अर्धा तास काढा. सीलंटला नखानं उचकटून बघा, सुटला असेल तेवढा भाग कापून नवा भरा. उन्हानं झडपेला बारीक चिरा गेल्या असतील तर पावसाआधी बदला. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसा. पट्टीखालच्या खाचेत माती आणि कोळ्याची जाळी भरते, ती जुन्या टूथब्रशनं साफ करा. आणि पट्टीच्या आतल्या कडेवर एक पेला पाणी ओता.